हप्ते थकले, म्हणून नणंदेला फोन?

प्रश्न : माझ्या यजमानांनी एका वित्त कंपनीकडून विनातारण वैयक्तिक कर्ज घेतलं होतं. नोकरी गेली आणि हप्ते थकले. आता वसुलीवाले रात्री साडेनऊलाही फोन करतात. त्यांनी माझ्या नणंदेला आणि मी शिकवते त्या शाळेच्या मुख्याध्यापिकांनाही फोन केले. ‘उद्या पोलीस घेऊन येतो, सामान उचलतो’ म्हणतात. कर्जावर माझी सही नाही. दागिने मोडून हे मिटवून टाकू का?
– एक शिक्षिका

उत्तर : ताई, दागिने मोडू नका. या फोनच्या धास्तीने तर मुळीच नको. सहकर्जदार किंवा जामीनदार म्हणून तुमची सही नसेल, तर हे कर्ज फेडण्याची कायदेशीर जबाबदारी तुमच्यावर येत नाही. मात्र करार एकदा स्वतःच्या डोळ्यांनी वाचा. हल्ली ओटीपी सांगितला की सही झाली, असं असतं. जामीनदार म्हणून नाव निघालं, तर करार कायद्याच्या कलम १२८ नुसार तुमची जबाबदारी कर्जदाराइतकीच ठरते.

मी बँकेच्या वसुली विभागात नोकरी केली आहे, थकबाकीदारांच्या घरी स्वतः गेले आहे. दिलेले पैसे मागण्यात गैर काही नाही. पण मुख्याध्यापिकांना फोन करण्याला मी वसुली म्हणणार नाही. माणूस नोटिशीला घाबरत नाही तेवढा चारचौघांतल्या लाजेला घाबरतो, हे ओळखून केलेला तो छळ आहे. आणि त्याला मनाई आहे. रिझर्व्ह बँकेने १२ ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकात स्पष्ट सांगितलं आहे : थकबाकीसाठी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन नाही, शिवीगाळ, धमक्या, निनावी फोन, सतत फोन नाहीत, कर्जदाराची चारचौघांत बेअब्रू करायची नाही, घरचे, मित्र किंवा संदर्भासाठी नावं दिलेली माणसं यांच्या खासगी आयुष्यात शिरायचं नाही. एजंट बाहेरच्या संस्थेचा असला तरी त्याच्या वागण्याला कंपनीच जबाबदार. ‘तो आमचा माणूस नाही’ हे उत्तर ऐकून घेऊ नका. (बचत गटातल्या बायकांना असतं तसं सूक्ष्म वित्ताचं कर्ज असेल, तर वेळ आणखी कमी, सकाळी ९ ते संध्याकाळी ६.)

आता पोलिसांचं. हप्ता थकणं हा दिवाणी मामला आहे, त्यासाठी पोलीस दारात येत नाहीत. एका बाबतीत मात्र सावध राहा. यजमानांनी दिलेला चेक वटला नाही किंवा खात्यातून आपोआप जाणारा हप्ता शिल्लक नसल्यामुळे परत गेला, तर फौजदारी खटला होऊ शकतो. त्याआधी लेखी नोटीस यावी लागते आणि ती मिळाल्यापासून पैसे भरायला १५ दिवस असतात. म्हणून फोन नाही उचलला तरी चालेल, पण टपालाने आलेली नोटीस परत पाठवू नका. भीतीपोटी नोटीसच न घेणारी माणसं मी पुष्कळ पाहिली. त्यांचे ते १५ दिवस फुकट जातात.

सामान उचलण्याची धमकी तर निव्वळ थाप. विनातारण कर्जात जप्ती कोर्टाच्या हुकमाशिवाय होत नाही आणि ती करायला कोर्टाचा बेलिफ येतो, एजंट नव्हे. शिवाय दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० नुसार नेसूचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण आणि धर्मरूढीप्रमाणे बाईला अंगावरून उतरवता येत नाहीत असे दागिने कोर्टालाही जप्त करता येत नाहीत.

पुढचा फोन आला की भांडू नका. नाव, संस्था, कंपनीचं अधिकारपत्र विचारा, संभाषण रेकॉर्ड करा. मग कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला यजमानांच्या नावाने ईमेल करा : कर्ज खात्याचा क्रमांक, कोणत्या तारखेला किती वाजता कोणत्या नंबरवरून फोन आला, काय बोलले. नणंद आणि मुख्याध्यापिका यांच्याकडून दोन-दोन ओळी लिहून घेऊन जोडा. आणि माझा आग्रह आहे, त्याच पत्रात नोकरी गेल्याचं कळवून हप्ता कमी करून मागा, किती भरू शकता तो आकडाही लिहा. नुसती तक्रार केली की कंपनी ‘फेडायची इच्छाच नाही’ म्हणायला मोकळी होते.

३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा आलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करा. फी नाही, वकील लागत नाही. माहितीसाठी १४४४८ वर फोन करा. मारहाणीची धमकी आली, तर मात्र ३० दिवस थांबू नका, पोलीस ठाण्यात जा. भारतीय न्याय संहितेचं कलम ३५१ अशा धमक्यांसाठीच आहे.

पैसे एजंटच्या हातात किंवा त्याच्या स्वतःच्या यूपीआयवर कधीही देऊ नका, थेट कर्ज खात्यातच भरा. तडजोड ठरली तर आधी कंपनीचं पत्र, मग पैसे.

प्रश्न : वडील वारले. त्यांचं वैयक्तिक कर्ज मी फेडावं म्हणून बँकेचा माणूस रोज फोन करतो. मला फेडावं लागेल का?
– एक वाचक

उत्तर : तुम्ही जामीनदार किंवा सहकर्जदार नसाल, तर वडिलांकडून वारसा म्हणून जे मिळालं, तेवढ्याच मर्यादेत. काही मिळालं नसेल, तर तुमच्या पगाराशी त्या कर्जाचा संबंध नाही. बँकेला मृत्यूचा दाखला द्या आणि कर्जावर विमा होता का, हे लेखी विचारा. पुष्कळदा कर्जाबरोबर विम्याचे पैसे कापलेले असतात आणि घरच्यांना त्याचा पत्ताही नसतो. उत्तर येईपर्यंत ‘नुसती औपचारिकता’ म्हणून पुढे केलेल्या कोणत्याही कागदावर सही करू नका.