बार्शी लाईटची धाकटी बहीण

प्रश्न : माझे वय एकसष्ट असून मी मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाले. मुलगी इंग्लंडमध्ये डर्बी येथे राहते आणि येत्या जूनमध्ये आम्ही उभयता तिच्याकडे जाणार आहोत. बंद पडलेल्या रेल्वेमार्गांच्या तेथे पायवाटा केल्या आहेत, असे ती सांगते. एक दिवस अशा वाटेवर चालायला जाण्याचा बेत आहे. यजमानांना रेल्वेचे वेड आहे. माझा उजवा गुडघा कुरकुरतो, तरी सपाटीवर दहा-अकरा किलोमीटर सावकाश चालू शकते. कोणती वाट निवडावी आणि दिवस कसा आखावा?
— एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : डर्बीहून मोटारीने तासाभरात गाठता येतील अशा वाटा एकाहून अधिक आहेत. त्यांपैकी मॉन्सल ट्रेल सर्वांत प्रसिद्ध आहे. मँचेस्टर आणि लंडन यांना जोडणारा हा मार्ग १९६८ साली बंद झाला, त्यावरचे बोगदे २०११ साली चालणाऱ्यांसाठी खुले झाले आणि तेव्हापासून तेथे सुटीच्या दिवशी जत्रा भरते. ॲशबोर्न गावातून निघणारी टिसिंग्टन ट्रेलही चांगली आहे. तुमच्या मुलीच्या यादीत बहुधा ही दोन नावे असतील. तथापि सोलापूर जिल्ह्यातून जाणाऱ्या माणसाने, त्यातही यजमानांना रेल्वेचे वेड असेल तर, या दोन्ही बाजूला ठेवून मॅनिफोल्ड वे या तिसऱ्या वाटेवर जावे, असे माझे स्पष्ट मत आहे. कारण ती वाट ज्या रेल्वेची आहे, ती आपल्या बार्शी लाईटची, म्हणजे कुर्डूवाडी-बार्शीच्या अरुंद रुळांच्या रेल्वेची, सख्खी धाकटी बहीण होती.

एव्हरार्ड कॅलथ्रॉप हे इंग्रज अभियंते प्रथम जी.आय.पी. (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेच्या नोकरीत भारतात आले. मुख्य मार्गापासून दूर राहिलेल्या बाजारपेठांना स्वस्तातली, अरुंद रुळांची रेल्वे पुरेशी आहे, हा त्यांचा आग्रह होता आणि तो त्यांनी कुर्डूवाडी-बार्शी मार्गावर सिद्ध करून दाखवला. अडीच फूट रुंदीचा हा मार्ग १८९७ साली सुरू झाला. त्याची खरी करामत रुंदीपेक्षा वजनाच्या हिशेबात होती. इंजिन असो वा डबा, कोणत्याही आसावर पाच टनांहून अधिक भार पडू द्यायचा नाही, हे त्यांनी आधीच ठरवून टाकले. त्यामुळे हलके रूळ पुरले आणि तरीही त्यांवरून भरपूर माल नेता आला. पुढे ही लाईन पंढरपूर, लातूर आणि अखेर १९२७ साली मिरजेपर्यंत पोहोचली. आषाढीच्या दिवसांत त्या डब्यांच्या टपावरही वारकरी बसलेले असत, ही आठवण आपल्याकडच्या जुन्या माणसांना आजही आहे.

बार्शीचे यश पाहून स्टॅफर्डशायर परगण्यातील मॅनिफोल्ड नदीच्या खोऱ्यात तसाच मार्ग बांधण्याचे काम कॅलथ्रॉप यांच्याकडे आले. रुंदी तीच, अडीच फूट. १९०४ साली सुरू झालेल्या या लीक अँड मॅनिफोल्ड रेल्वेकडे दोनच इंजिने होती आणि त्यांपैकी एकाचे नाव कॅलथ्रॉप यांच्यावरूनच ठेवलेले होते. गंमत अशी, की इंग्लंडच्या त्या चिमुकल्या दरीत धावणाऱ्या इंजिनांनाही भारतातल्यासारखे मोठाले दिवे पुढे बसवलेले होते. मात्र बार्शीला कापूस, धान्य आणि वारकरी मिळाले, तसे त्या दरीला काही मिळाले नाही. तेथे मुख्य माल म्हणजे दूध, आणि ते मोटारींकडे वळताच १९३४ साली मार्ग बंद पडला. रेल्वे कंपनीने जमीन परगण्याच्या कौन्सिलला देऊन टाकली आणि १९३७ साली त्याच जागेवर पायवाट खुली झाली. रेल्वे तीस वर्षे चालली. पायवाट म्हणून तिला त्याच्या अडीचपटीहून जास्त काळ लोटला आहे.

आता तुमच्या गुडघ्याविषयी. अशा वाटा तुमच्यासारख्यांना मानवतात, त्याचे कारण इंजिनाच्या स्वभावात आहे. वाफेच्या इंजिनाला चढ सोसत नाही, म्हणून बांधणाऱ्यांनी उंचवटा आला तेथे खोदले, खळगा आला तेथे भराव घातला आणि वळणे घेत घेत चढ इतका सौम्य ठेवला, की चालणाऱ्याला तो पोटऱ्यांत क्वचितच जाणवतो. मॅनिफोल्ड वे तर डांबरी आहे. दगडगोट्यांवर पाय मुरगळण्याची भीती तेथे नाही.

वाटेची एकूण लांबी सुमारे तेरा किलोमीटर असून उत्तरेला हल्म एंड आणि दक्षिणेला वॉटरहाऊसेस ही तिची दोन टोके आहेत. तिची ठेवण मात्र लक्षात घ्यावी. हल्म एंडकडून वाट मॅनिफोल्ड नदीच्या प्रवाहाबरोबर उतरते, वॉटरहाऊसेसकडून ती हॅम्प्स या उपनदीच्या प्रवाहाबरोबर उतरते आणि बीस्टन टॉर नावाच्या चुनखडीच्या कड्याखाली दोन्ही नद्यांचा संगम होतो. म्हणजे दोन्ही टोके उंचावर आणि मधला भाग सखल, अशी ही परातीसारखी वाट आहे. कोठूनही निघालात, तरी जाताना हलका उतार आणि परतताना हलका चढ हे ठरलेलेच. संपूर्ण वाट जाऊन-येऊन करण्याचा हट्ट यजमानांनी धरला, तर ते सव्वीस किलोमीटर होतात. त्यांना तसे वेळीच सांगावे.

तुम्ही हल्म एंडहून निघून साधारण पाच किलोमीटरवरच्या वेटन मिलपर्यंत जावे, तेथे चहा घ्यावा आणि परत फिरावे. हल्म एंडला जुन्या स्थानकाची इमारत अजून उभी आहे आणि तेथे या रेल्वेची माहितीही मांडलेली आहे. यजमान तेथे अर्धा तास तरी हलणार नाहीत, हे गृहीत धरून वेळ आखावी. या टप्प्यात एक्टनची जुनी तांब्याची खाणही लागते. त्यापुढे स्वेन्सलीचा बोगदा येतो आणि येथे सावध राहावे, कारण हा बोगदा आणि पुढचा काही भाग मोटारींसाठीही खुला आहे. बोगदा लहान असला, तरी आत शिरण्यापूर्वी थांबून मागून-पुढून गाडी येत नाही ना, हे पाहावे आणि एका ओळीत चालावे.

हा बोगदा मुळात का खोदला, याची एक कथा सांगतात. वर स्वेन्सली हॉलमध्ये राहणारे सर थॉमस वॉर्डल यांना घरासमोरून गाडी गेलेली दिसायला नको होती, म्हणून ती डोंगराच्या पोटातून नेली. हे वॉर्डल या रेल्वेचे एक संचालकच होते, हे विशेष. आपल्या गिरणगावच्या वाचकांना त्यांची दुसरी ओळख अधिक जवळची वाटेल. लीक गावात त्यांचा रेशीम रंगवण्याचा कारखाना होता, आणि भारतातल्या टसर रेशमाला रंग कसा धरवावा, यावर त्यांनी आयुष्यातला मोठा काळ घालवला.

मोटारींचा त्रास अजिबात नको असेल, तर दक्षिणेकडून वॉटरहाऊसेस ते बीस्टन टॉर हा टप्पा घ्यावा. सुरुवातीला मोठा रस्ता ओलांडावा लागतो, तेवढाच; पुढे हॅम्प्स नदीवरचे पूल पुन्हा पुन्हा ओलांडत वाट झाडीतून जाते. उन्हाळ्यात पाऊस ओढला, की दोन्ही नद्यांचे पाणी चुनखडीच्या भेगांतून जमिनीखाली उतरते आणि पात्र कोरडे पडते. सीनेचे कोरडे पात्र पाहत वाढलेल्या माणसाला त्याचे नवल वाटायचे नाही. पण येथले पाणी आटलेले नसून खाली वाहत असते आणि इलम गावाजवळ पुन्हा वर येते.

दरीत उंचावर थॉर्स केव्ह ही प्रचंड गुहा दिसते. तिच्यापर्यंतचा चढ खडा आहे आणि पावसात खडक निसरडा होतो. तेथे यजमानांना आणि मुलीला जाऊ द्यावे. तुम्ही खालूनच पाहावी. गुहा खालूनच अधिक भव्य दिसते, असे मला वाटते.

जूनमध्ये तेथे रात्री नऊनंतरही उजेड असतो, त्यामुळे घाई करू नये. छत्रीपेक्षा टोपी असलेला रेनकोट बरा. मागून सायकली येतात, म्हणून डाव्या बाजूने चालावे. डब्यासाठी कडक भाकरी आणि शेंगा चटणी यांच्यापेक्षा टिकाऊ काही नाही. मात्र पेढे, खवा यांसारखे दुधाचे पदार्थ सामानात भरू नयेत, भारतातून ते तिकडे नेण्यास मनाई आहे. एसटीसारखी गाडी वाटेत मिळेल, या भरवशावर राहू नये. मोटार घेऊनच जावे.

प्रश्न : अशी पायवाट बार्शी लाईटची का झाली नाही? आम्ही काही मित्र सुटीच्या दिवशी मुलांना घेऊन बार्शीहून रुळांच्या कडेने चालत जाण्याचा विचार करीत आहोत. हे योग्य ठरेल काय?
— एक वाचक, बार्शी

उत्तर : पहिल्या प्रश्नाचे उत्तर आनंदाचे आहे. बार्शी लाईट मेली नाही. १९५४ साली ती सरकारने ताब्यात घेतली आणि पुढे तिचा मार्ग ब्रॉडगेज झाला. रेल्वे बंद पडते तेथे पायवाट होते. आपल्याकडे गाडी धावते आहे, म्हणून वाट नाही. या अदलाबदलीत आपण फायद्यात आहोत, असे मी मानतो.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ठाम नकारार्थी आहे. चालू मार्गावर वा रेल्वेच्या हद्दीत परवानगीवाचून शिरणे हा रेल्वे अधिनियम १९८९ च्या कलम १४७ खाली गुन्हा असून त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद, एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. कायदा बाजूला ठेवला, तरी वळणावर विजेचे इंजिन फारसा आवाज न करता येते आणि मुले खडीवर खेळण्यात दंग असतात. मुलांना ही लाईन दाखवायचीच असेल, तर तिकिटे काढून बार्शीहून कुर्डूवाडीला गाडीने जावे आणि खिडकीजवळ बसवून वाटेतले भराव व खोदलेले भाग मोजायला सांगावे.