वाचकांचे प्रश्न : खंजिरीचा आवाज आधी, हात नंतर

प्रश्न : आमचे खंजिरी भजन मंडळ राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथीला रात्रीच्या भजनाचे यूट्यूबवर थेट प्रक्षेपण करते. मिक्सरमधील आवाज आम्ही वायरने लॅपटॉपमध्ये घेतो, तर चित्र मोबाइलच्या कॅमेऱ्यातून वायफायने त्याच लॅपटॉपवर येते. पुण्यात नोकरीला असलेली गावची मुले सांगतात की थाप आधी ऐकू येते आणि खंजिरीवर हात नंतर पडतो. दुसऱ्या तासात हा फरक आणखी वाढतो. गावातील इंटरनेट मंद असल्यामुळे असे होते काय? वेगवान जोडणीसाठी वर्गणी करावी, असे मंडळात चालले आहे.
— एक वाचक, तिवसा तालुका, जि. अमरावती

उत्तर : वर्गणी तूर्त थांबवावी. आपल्या वर्णनावरून दोष इंटरनेटचा दिसत नाही. आवाज आणि चित्र यांची ताटातूट मंडपातच झालेली आहे.

लॅपटॉपमधून निघताना आवाजाच्या आणि चित्राच्या प्रत्येक तुकड्यावर वेळेचा शिक्का मारलेला असतो. यूट्यूबकडे प्रक्षेपण सहसा आरटीएमपी या पद्धतीने पाठवले जाते आणि तिच्यात दोन्ही प्रवाहांचे शिक्के एकाच कालरेषेवर मिलिसेकंदांत मोजले जातात. नेट मंदावले तर चित्र धूसर होईल, अडखळेल, थांबेलही. परंतु पाहणाऱ्याचा मोबाइल शिक्के जुळवूनच दोन्ही सादर करतो, त्यामुळे आवाज सतत चित्राच्या पुढे राहण्याचे कारण नेटमध्ये सहसा सापडत नाही.

मात्र शिक्काच चुकीचा असेल तर पुढची सारी काटेकोर व्यवस्था ती चूक इमानेइतबारे पुण्यापर्यंत पोहोचवते. आपला आवाज वायरने काही मिलिसेकंदांत लॅपटॉपमध्ये येतो. चित्र मात्र मोबाइलमध्ये आवळले जाते, वायफायवरून प्रवास करते, लॅपटॉपमध्ये पुन्हा उलगडते, आणि यात पाव सेकंद सहज जातो. लॅपटॉपला हा उशीर कळला नाही, तर तो आल्या वेळेचाच शिक्का मारतो.

हा दोष इतका खटकतो याचे कारण आपल्या अनुभवात आहे. दूरच्या धुऱ्यावर कोणी कुऱ्हाड चालवत असेल तर घाव आधी दिसतो आणि आवाज मागून येतो, कारण ध्वनीला ३४ मीटर यायला सुमारे दशांश सेकंद लागतो. याच्या उलट क्रम निसर्गात आपण कधीच पाहत नाही. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या १९९८ च्या शिफारशीतही, आवाज सुमारे ४५ मिलिसेकंद पुढे गेला तर लक्षात येतो, मागे पडल्यास मात्र सुमारे १२५ मिलिसेकंदांपर्यंत खपून जातो, असे नोंदवले आहे. खंजिरीची थाप तर बोलत्या ओठांपेक्षा कितीतरी टोकदार असते.

फरक वाढत जाण्याचे कारण वेगळे आहे. दोन उपकरणांतील स्फटिकांची घड्याळे अगदी सारखी चालत नाहीत. दहा लाखांत ५० इतकी तफावत असली तरी तासाला ०.१८ सेकंद साचतो. त्यात वायफायवरील चित्र रांगेत तुंबत गेले, तर भर पडते.

सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे मिक्सरची वायर योग्य अडॅप्टर लावून थेट मोबाइललाच जोडावी आणि प्रक्षेपणही मोबाइलवरूनच करावे. मिक्सरचा आवाज माइकपेक्षा जोरकस असतो, म्हणून तो बराच कमी ठेवावा, नाहीतर फाटेल. आवाज आणि चित्र एकाच उपकरणात, एकाच घड्याळावर नोंदले गेले की दोघांत अंतर पडायला जागा उरत नाही. माझ्या मते आपण हाच मार्ग धरावा. लॅपटॉप हवाच असेल, तर कॅमेरा वायफायऐवजी केबलने जोडावा, एक थाप ध्वनिमुद्रित करून आवाज आणि हात यांच्यामध्ये किती चित्रे (फ्रेम) जातात ते मोजावे. सेकंदाला २५ चित्रे असतील तर प्रत्येक चित्र ४० मिलिसेकंदांचे. ७ चित्रे भरली तर ओबीएस या प्रक्षेपणाच्या सॉफ्टवेअरमध्ये, आवाज मागेपुढे सरकवणाऱ्या ‘सिंक ऑफसेट’ या रकान्यात आवाजासाठी २८० लिहावे. वाढत जाणारा फरक मात्र एकाच आकड्याने सुटत नाही, म्हणून मध्यंतरात हे माप पुन्हा घ्यावे.

प्रश्न : शाळेत प्रोजेक्टरवर पाठ दाखवताना ब्लूटूथ स्पीकरचा आवाज मागे राहतो. काय करावे?
— एक शिक्षिका, जि. गोंदिया

उत्तर : ब्लूटूथवर आवाज आवळून पाठवला जातो आणि तो उलगडेपर्यंत दशांश ते पाव सेकंद जातो. स्पीकर वायरने जोडावा. ते शक्य नसेल आणि पाठ संगणकात साठवलेला असेल, तर तो विंडोजवरील व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये लावून ‘जे’ ही कळ दाबावी; प्रत्येक दाबेला आवाज ५० मिलिसेकंद अलीकडे येतो, आणि जास्त झाल्यास ‘के’ कळीने तितकाच मागे नेता येतो.