घरात रेडॉन निघाला. विकणाऱ्याला ठाऊक होतं हे सिद्ध कसं करायचं?

प्रश्न: गावाबाहेरचं, तळघर असलेलं घर आम्ही गेल्या वर्षी घेतलं. व्यवहाराच्या वेळी विकणाऱ्याने 'घरात कोणताही दोष नाही' असं लेखी दिलं होतं. आता आम्ही स्वतः दोन दिवसांची रेडॉन (जमिनीतून घरात शिरणारा किरणोत्सारी वायू) तपासणी केली, तर हवेतलं प्रमाण ४१० बेकरेल (किरणोत्सर्ग मोजण्याचं एकक) प्रति घनमीटर आलं. तो म्हणतो, 'मला कल्पना नव्हती, शेजाऱ्यांकडे तर कमी आहे.' पण तळघरातल्या फळीमागे रेडॉन तपासणीचं जुनं रिकामं खोकं सापडलं. त्यावर प्रयोगशाळेचं नाव आणि नंबर आहे. दावा करता येईल का?

उत्तर: आधी ते खोकं सांभाळा. नंबर स्पष्ट दिसेल असे फोटो काढा. ते कुठे, कधी आणि कोणासमोर सापडलं हे आजच लिहून ठेवा.

तुमचा आकडा काळजीचा आहेच. जागतिक आरोग्य संघटना १०० ची पातळी सुचवते आणि ते शक्य नसेल तर ३०० च्या वर जाऊ नये म्हणते. पण बहुतेक ठिकाणी राहत्या घरासाठी ही संदर्भ पातळी असते, कायद्याची मर्यादा नसते. म्हणून नुसत्या ४१० वर विकणारा दोषी ठरत नाही. रेडॉनला रंग नाही, वास नाही. हा छुपा दोष आहे. असा दोष माहीत असून लपवला, तर जबाबदारी येते. प्रश्न त्याला काय ठाऊक होतं याचा आहे, आणि तिथे ते खोकं कामाला येतं.

अर्थात खोकं एकटं पुरणार नाही. तपासणी कोणी केली, निकाल काय आला, हे त्यावर लिहिलेलं नाही. ते प्रयोगशाळेच्या नोंदीत असू शकतं. ती नोंद तुम्हाला बहुधा देणार नाहीत. पण नष्ट करू नका असं वकिलामार्फत लेखी कळवा. पुढे न्यायालय ती मागवू शकतं.

शेजाऱ्यांचा मुद्दा मनावर घेऊ नका. खालची जमीन, पायाच्या भेगा आणि हवा कशी खेळते यावर रेडॉन ठरतो. लागून असलेल्या दोन घरांतही मोठा फरक पडतो.

तुमची तपासणी मात्र थोडक्या दिवसांची आहे आणि तुम्हीच केलेली आहे. समोरचा वकील पहिला घाव तिथेच घालेल. त्रयस्थ तज्ज्ञाकडून फेरतपासणी करून घ्या, मग विकणाऱ्याला नोटीस पाठवून घर तपासायला ठरावीक मुदत द्या. ती संपली की फरशीखालची हवा पंख्याने बाहेर काढणारा पाइप बसवून घ्या. दाव्यासाठी घर तसंच ठेवून त्यात राहू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. फुप्फुसाच्या कर्करोगाच्या कारणांत धूम्रपानानंतर रेडॉनचाच नंबर लागतो. शिवाय नुकसान वाढू न देणं हे न्यायालय तुमच्याकडूनही अपेक्षिते. बिलं आणि नंतरच्या तपासणीचा अहवाल जपा.

दाव्याची मुदत कुठे दोष उघड झाल्यापासून मोजतात, कुठे खरेदीपासून. तुमच्या भागातला नियम वकिलाकडून याच आठवड्यात विचारून घ्या.

आणखी एक. आता हा दोष तुम्हालाही माहीत झाला आहे. उद्या घर विकलंत, तर पाइप बसवण्याआधीचा आणि नंतरचा असे दोन्ही अहवाल घेणाऱ्याला दाखवा आणि दाखवल्याची सही घ्या.