वाचक विचारतात : गुरुजींच्या पावसाच्या वह्या

प्रश्न : आमचं तालुक्याच्या गावी ‘ब’ वर्गाचं सार्वजनिक वाचनालय आहे. गावातले एक निवृत्त गुरुजी १९८१पासून घरच्या पर्जन्यमापकातला पाऊस रोज सकाळी वहीत लिहितात. त्या वह्या ते आम्हाला देऊ म्हणतात. कार्यकारिणीत कुरकुर आहे, की ही काय पुस्तकं आहेत का? वाचनालयाने यांचं करायचं काय?
– एक ग्रंथपाल, जि. सातारा

उत्तर : आधी घ्या, मग कुरकुर ऐका. वही हातात आली की त्याच दिवशी दाखल नोंदवहीत चढवा आणि क्रमांक घाला. ज्याला क्रमांक नाही ते कपाट आवरताना रद्दीत जातं, हे तुम्हाला मी सांगायला नको.

कार्यकारिणीला ब्रिटनचं उदाहरण द्या. तिथल्या हवामान खात्याच्या संग्रहात पावसाचे हजारो हस्तलिखित तक्ते होते. बहुतेक नोंदी हौशी लोकांनी केलेल्या. तक्त्यांच्या प्रतिमा तयार होत्या, पण त्यातले आकडे संगणकाला वाचता येत नव्हते. मार्च २०२०मध्ये, टाळेबंदीच्या तोंडावर, रेडिंग विद्यापीठाचे हवामानशास्त्रज्ञ एड हॉकिन्स यांनी लोकांना हाक दिली. १६ हजारांवर माणसांनी घरबसल्या ५० लाखांहून अधिक आकडे टंकले, आणि तेही जेमतेम दोन-अडीच आठवड्यांत! देशाची पावसाची मालिका १८६२ऐवजी १८३६पासून सुरू झाली. त्यातूनच १८५५ हे तिथलं सर्वांत कोरडं वर्ष ठरलं.

आता खरं काम. गुरुजी आहेत तोवर त्यांच्याजवळ बसा. पर्जन्यमापक कुठे होता? अंगणात, की गच्चीवर? मध्ये कधी हलवला का, शेजारचा आंबा वाढून आडवा आला का? वाचन किती वाजता घ्यायचे? हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो. गुरुजी सातला मोजत असतील तर ते लिहून ठेवा. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे कोऱ्या जागा. १४ जुलैपुढे काहीच नाही, म्हणजे पाऊस नव्हता, की गुरुजी लग्नाला गेले होते? शून्य आणि कोरं यांत संशोधकाच्या लेखी जमीन-अस्मानाचा फरक आहे. हे सगळं एका कागदावर उतरवून वहीसोबत ठेवा. त्या कागदाशिवाय आकड्यांवर कुणी भरवसा ठेवणार नाही.

मग पानांचे फोटो आणि कॉलेजच्या मुलांकडून टंकन. प्रत्येक पान दोघांनी वेगवेगळं टंकायचं आणि नंतर ताडून पाहायचं, कारण घाईत लिहिलेले १ आणि ९ भल्याभल्यांना चकवतात. एखादा आकडा अशक्य वाटला तरी खोडू नका, शेजारी शेरा लिहा. तयार तक्ता झेनोडोवर ठेवता येतो. ‘सर्न’ या युरोपातल्या अणुसंशोधन संस्थेने २०१३पासून चालवलेलं हे ऑनलाइन भांडार फुकट आहे आणि आकड्यांच्या प्रत्येक संचाला कायमचा ओळख क्रमांक देतं. गुरुजींची लेखी परवानगी मात्र घ्या, नाव त्यांचंच लावा, आणि समासात घरखर्च किंवा कुणाचं आजारपण लिहिलं असेल तर ती पानं जाहीर करू नका.

प्रश्न : आम्ही ‘ई-बर्ड’ या संकेतस्थळावर पाहिलेले पक्षी नोंदवतो. पण त्या नोंदींवरचे शोधनिबंध वाचायला गेलं तर पैसे मागतात. हा कुठला न्याय?
– एक पक्षीनिरीक्षक, नागपूर

उत्तर : न्याय नाहीच. १ जानेवारी २०२५पासून ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ ही शोधपत्रिका सरकारी खर्चाने वाचायला देणारी केंद्राची योजना सुरू झाली, पण ती सरकारी उच्च शिक्षण संस्था आणि केंद्राच्या संशोधन संस्थांसाठी. तुमचं-माझं वाचनालय तिच्यात नाही. ज्यांच्या पायपिटीवर निबंध उभा राहतो त्यांनाच दाराबाहेर ठेवणं मला तरी पटत नाही. तूर्त ‘करंट सायन्स’ ही विज्ञानपत्रिका उघडा, ती खुली आहे. ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’चा २०२३चा अहवालही मोफत उतरवता येतो, आणि तो तुमच्यासारख्यांच्याच नोंदींवर बेतलेला आहे. एरवी निबंधाच्या लेखकाला सरळ ई-मेल करा. बहुतेक जण आनंदाने प्रत पाठवतात.