पालिका, संस्था आणि लोक एकत्र येऊन हवामान बदलावर खरंच काही करतात का, की नुसते फलक लावतात?

करतात, पण नावात 'हवामान' क्वचितच असतं. पुण्याची 'स्वच्छ' ही सहकारी संस्था बघा. कचरावेचकांची संघटना 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' १९९३ सालची. तिच्यातूनच उभ्या राहिलेल्या 'स्वच्छ'ने २००८ मध्ये महापालिकेशी करार केला. कचरावेचक ताई दारोदार ओला-सुका वेगळा घेतात, घरटी शुल्क त्यांनाच मिळतं, विकण्याजोगं भंगारही त्यांचंच. सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढायचा, म्हणजे पुडकं उघडून बघावं लागत नाही. कागदावर क्षुल्लक वाटतं, पण अशा गोष्टींवरच व्यवस्था टिकते.

याचा हवामानाशी संबंध? ओला कचरा डेपोत ढिगाखाली हवेविना कुजला की मिथेन तयार होतो, आणि तो कार्बन डायऑक्साइडपेक्षा कितीतरी पटींनी उष्णता धरतो. पुन्हा वापरात आलेलं प्लास्टिक, कागद, काच यांमुळे नव्या उत्पादनाची ऊर्जाही वाचते.

सगळं गोड नाही. कराराच्या नूतनीकरणावरून खटके उडालेत, आणि ओला-सुका एकाच पिशवीत कोंबणारे महाभाग प्रत्येक सोसायटीत सापडतातच. तुमच्याकडे असं काही सुरू करायचं असेल तर आधी कचरा उचलणाऱ्यांना बैठकीला बोलवा, सल्लागार नंतर.