‘हो सर, समजलं’

“ताई, आमची पोरगी क्लासमध्ये तोंडच उघडत नाही. सर विचारतात समजलं का, तर ही म्हणते हो. अन् पेपर बघावा तर कोरा.” जळगावात समुपदेशन करताना ही तक्रार माझ्याकडे सतत येते. त्यापाठोपाठ येणारा प्रश्नही ठरलेला असतो: क्लास बदलू का? मोबाइल काढून घेऊ का? उत्तर म्हणून एका मुलीची हकिगत सांगते. तिची आणि तिच्या आईवडिलांची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

चोपडा तालुक्यातलं गाव, केळीची बाग असलेलं घर, नववीतली मुलगी. आठवीपर्यंत शंका विचारून विचारून सरांना भंडावून सोडणारी. नववीच्या पहिल्या सत्रात गणित आणि विज्ञान दोन्ही घसरले. उत्तरपत्रिकेवर आईची सही तिने स्वतःच ठोकली आणि ते उघडकीला आलं, तेव्हा वडील तिला घेऊन आले. “मार्कांचं सोडा ताई,” ते म्हणाले, “पोरगी खोटं बोलायला लागली, याचं लागलं मनाला.”

मुलांशी एकटीनं बोलण्याआधी मी एक गोष्ट आईवडिलांच्या देखत सांगते. तू जे सांगशील ते माझ्याजवळ राहील. मात्र तुझ्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका असेल, किंवा कुणी लैंगिक त्रास देत असेल, तर मला ते सांगावंच लागेल. लैंगिक त्रासाबाबत तर २०१२ च्या पॉक्सो कायद्यानं तसं बंधनच आहे. आईवडिलांसमोर एवढ्यासाठी, की मुलं ते ऐकताना माझ्याकडे नाही, त्यांच्या चेहऱ्याकडे बघत असतात. या मुलीनं सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, “सरांना पण नाही सांगणार?” गाठ कुठे आहे ते मला तिथेच कळलं.

जूनच्या सुरुवातीच्या वादळी पावसात त्यांची बाग आडवी झाली होती. घड कापणीला आलेले. खोड मोडून पडलेल्या केळीकडे व्यापारी ढुंकूनही बघत नाही. सोसायटीचं कर्ज, टिश्यूच्या रोपांचे पैसे, खताच्या दुकानाची उधारी. घरात मात्र मुलीला एवढंच सांगितलं गेलं: “सगळं ठीक आहे, तू अभ्यासाकडे बघ.” कर्जाचा आकडा तिला चुलतभावाकडून कळला. क्लासची फी थकली, तेव्हा सरांनी तिला बाजूला घेऊन विचारलं आणि तिनं रडत रडत सगळं सांगून टाकलं. सरांनी फी माफ केली. खरंच भला माणूस.

आठवड्याभरानं तेच सर भरल्या वर्गात म्हणाले, “हिच्याकडून शिका. घरची बाग झोपली, फी भरायला पैसे नाहीत, तरी पोरगी पहिल्या बाकावर असते.” पोरांनी टाळ्या वाजवल्या.

“मी त्यास्ले सांगं व्हतं, वर्गले नही,” ती म्हणाली. तोवर ती माझ्याशी जपून, पुस्तकी मराठीत बोलत होती. हे मात्र थेट अहिराणीत आलं: मी त्यांना सांगितलं होतं, वर्गाला नाही.

शंका विचारायची म्हणजे ‘मला हे येत नाही’ अशी स्वतःची उणी बाजू दुसऱ्याच्या हाती द्यायची. या मुलीनं एक मोठी गोष्ट सरांच्या हाती दिली होती आणि ती सगळ्यांपुढे मांडली गेली. मग लहान गोष्टीही तिनं देणं बंद केलं. त्यात माफ झालेल्या फीचं दडपण. “फुकट शिकते अन् समजत पण नाही, असं म्हणतील ना,” हे तिचंच वाक्य. न समजण्याचा हक्कच आपल्याला उरला नाही, असं तिनं धरून ठेवलं होतं. म्हणून प्रत्येक वेळी ‘हो सर, समजलं’.

खोट्या सहीचं मूळ मात्र घरात होतं. वाईट बातमी झाकून ‘सगळं ठीक आहे’ म्हणायचं, हे ती घरातच बघत आली होती. वडिलांना हे सांगणं अवघड गेलं. “एवढ्याशा पोरीच्या डोक्यावर कशाला ओझं द्यायचं?” हा त्यांचा प्रश्न रास्तच होता. पण ओझं तिच्या डोक्यावर आधीच होतं, फक्त ते तिच्याजवळ बोलणारं कुणी नव्हतं. आम्ही ठरवलं की तिला झेपेल एवढं आणि तेवढंच खरं सांगायचं: कर्ज किती आहे, पंचनामा झाला आहे, विम्याचे पैसे कधी येतील ते अजून नक्की नाही, पण तुझी शाळा थांबणार नाही. त्या रात्री जेवताना वडिलांनी ते सांगितलं. सहीबद्दलही ती त्यानंतरच बोलली, आपणहून.

सरांशी बोलायला मी तिची परवानगी घेतली. काय सांगायचं आणि काय नाही, ते दोघींनी मिळून ठरवलं. “मी रडले ते आत्ता परत काढू नका,” ती म्हणाली. मी काढलं नाही.

सर दुखावले. “मी तर कौतुक केलं हो!” त्यात मला जराही शंका नव्हती. मी त्यांना शिकागोच्या शाळांमधल्या एका अभ्यासाबद्दल सांगितलं. अँथनी ब्रिक आणि बार्बरा श्नायडर यांनी तिथल्या प्राथमिक शाळांचा बरीच वर्षं अभ्यास करून २००२ मध्ये निष्कर्ष मांडले. शाळेतला विश्वास त्यांनी चार गोष्टींत पाहिला: एकमेकांचा मान, आपुलकी, कामातली क्षमता आणि शब्दाला जागणं. सरांकडे आपुलकी होती, शिकवण्याची क्षमताही होती. तडा गेला होता तो मान राखण्यात. नववीतल्या मुलीलाही स्वतःचा मान असतो आणि आपली गोष्ट कुणाला सांगायची हे ठरवणं हा त्याचाच भाग आहे. आपल्याकडे शिक्षकाचा मान मुलांनी राखायचा एवढंच शिकवलं जातं, उलट बाजू क्वचितच कुणी बोलतं. मला ही मोठी उणीव वाटते.

दुसरा एक प्रयोगही त्यांना सांगितला, कारण तो प्रत्येक शिक्षकानं ऐकावा असा आहे. डेव्हिड येगर, जेफ्री कोहेन आणि सहकाऱ्यांनी तो २०१४ मध्ये प्रसिद्ध केला. अमेरिकेतल्या सातवीच्या मुलांनी निबंध लिहिले, शिक्षकांनी ते नेहमीसारखे तपासून शेरे मारले. काही निबंधांवर नुसती साधी चिठ्ठी होती, तर काहींवर अशी: माझी तुझ्याकडून मोठी अपेक्षा आहे आणि तू ती पुरी करू शकशील हे मला माहीत आहे, म्हणून हे शेरे लिहितोय. निबंध पुन्हा लिहायचा की नाही, हे मुलांवर सोडलं होतं. शिक्षकांबद्दल ज्यांचा अविश्वास जास्त असतो त्या कृष्णवर्णीय मुलांमध्ये, साध्या चिठ्ठीवर १७ टक्क्यांच्या आसपास मुलांनी निबंध पुन्हा लिहिला. ही चिठ्ठी मिळालेल्यांमध्ये ते प्रमाण ७० टक्क्यांच्या वर गेलं. शेरे तसेच कडक होते, पण आपल्याला कमी लेखायला ते लिहिलेले नाहीत एवढी खात्री मुलांना मिळाली होती.

सर ऐकत होते. पुढे त्यांनी जे केलं, ते सगळं त्यांचं स्वतःचं. मुलीला आईसोबत बोलावलं आणि म्हणाले, “तुझी गोष्ट मी तुला न विचारता सांगितली. माझं चुकलं.” त्यावर ‘पण माझा हेतू’ असं एक अक्षर पुढे जोडलं नाही. फी माफ न ठेवता पुढच्या कापणीला द्यायची असं वडिलांशी ठरवलं. त्यानं पोरगी फार हलकी झाली. आणि क्लासमधल्या सगळ्यांसाठी शंकेची वही सुरू केली. शनिवारी वही सरांकडे, सोमवारी उत्तर लिहून परत, वर्गात काहीच वाचून दाखवायचं नाही.

तिची वही बरेच आठवडे कोरी आली. सर ती कोरीच परत देत, एका शब्दानं टोकत नसत. मग एका सोमवारसाठी तिनं लिहिलं: कंसाच्या बाहेर वजा असेल तर आतली चिन्हं का बदलतात? दोन चलांतील रेषीय समीकरणं चालू असताना मुलगी कंसापाशी अडली होती! सरांनी अर्धं पान भरून उत्तर लिहिलं. ‘एवढंही येत नाही?’ हे कुठेही नव्हतं.

खानदेशात असा विषय निघाला की साने गुरुजी आठवतातच. १९२४ ते १९३० ते अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते, वसतिगृहही सांभाळायचे. लोक त्यांच्या डोळ्यांतल्या पाण्याबद्दल बोलतात. मला मात्र मुलांसाठी ते हातानं लिहून काढत ते ‘छात्रालय’ दैनिक जास्त मोलाचं वाटतं. मुलांचा भरवसा बसतो तो अशा नेमानं केलेल्या कामावर. सोमवारी परत येणारी वही त्याच जातीची.

वर्षअखेर मार्क बरे आले, फार नाही. विज्ञानाच्या तासाला ती हात वर करते. गणिताच्या शंका अजून वहीतच लिहिते, तोंडी विचारत नाही. त्याची घाई मी कुणालाच करू दिली नाही.

क्लास बदलायचा का, हे विचारणाऱ्यांना मी सांगते, आधी मुलाला निवांत एवढंच विचारा: “तुला काही समजलं नाही तर तू कुणाला सांगतोस?” उत्तर ‘मित्राला’ किंवा ‘मावशीला’ असेल तर वाट उघडी आहे, तिथून सुरुवात करता येते. ‘कुणालाच नाही’ असेल, तर नव्या क्लासमध्येही तो ‘हो सर’च म्हणेल. मग घरात आणि शिक्षकाशी बोलायला हवं, आणि शिक्षकाकडे जाण्याआधी मुलाला विचारायला हवं. मोबाइल काढून घेतल्यानं यातलं काहीच होत नाही.

हे सगळं भल्या शिक्षकाबद्दल झालं. शाळेत कुणी मारत असेल, जातीवरून, बोलीवरून, घरच्या गरिबीवरून मुद्दाम हिणवत असेल, तर तिथे वही आणि चिठ्ठीची भाषा करू नका. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ नं मुलाला शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना बंदी आहे. लेखी तक्रार घेऊन मुख्याध्यापकांकडे जा, तिथे दाद लागली नाही तर गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे. अर्जाची पोच घ्यायला विसरू नका.