मूल होण्याच्या उपचारांची इंजेक्शनं न घेताही ओएचएसएस (अंडाशय प्रमाणाबाहेर उत्तेजित होऊन फुगणं) होतं का? अंडाशय काढावे लागतील का?

दिवस आपोआप राहिलेत, अकरावा आठवडा, दोन्ही अंडाशय गाठींनी भरलेत, पोटात पाणी आहे, सीए-१२५ (अंडाशयाच्या कॅन्सरची शंका आली की रक्तात तपासतात ते) वाढलंय आणि घरचे ‘ऑपरेशन करून मोकळे व्हा’ म्हणताहेत, असं तुम्ही लिहिलंय. टीएसएच (थायरॉईडला चालना देणारं संप्रेरक) रक्तात तपासलंय का? नसेल तर आधी ते करा.

माझं घोडं तिथंच पेंड खात होतं. मी फोंड्याची. तिसऱ्या महिन्यातच पोट इतकं वाढलं की सासूबाई जुळ्यांची नावं शोधायला लागल्या. मला बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) दाखल केलं आणि टीएसएच भलतंच वाढलेलं निघालं. टीएसएच, अंडाशयातली बीजं वाढवणारं एफएसएच आणि गरोदरपणातलं एचसीजी ही एकाच कुळातली संप्रेरकं. टीएसएच किंवा एचसीजी फार वाढलं, की अंडाशय त्यालाच एफएसएच समजून फुगतात. मग रक्तवाहिन्या झिरपतात, पाणी पोटात उतरतं, रक्त घट्ट होतं. टेस्ट ट्यूबवाल्यांना हा त्रास उपचारांनंतर लगेच होतो, आपल्यासारख्यांना साधारण ८ ते १४ आठवड्यांत. जुळी किंवा द्राक्षगर्भ (गर्भाऐवजी द्राक्षांसारखे फुगे वाढणं) असला तरी होतो. काहींच्या एफएसएच ओळखणाऱ्या रिसेप्टरच्या जनुकातच बदल असतो, हे २००३ मध्ये कळलं. त्यांना तो पुढच्या गरोदरपणातही होऊ शकतो.

सीए-१२५ गरोदरपणात वाढतं, ओएचएसएसमध्ये तर फारच. नुसत्या त्या आकड्यावर कॅन्सर ठरत नाही. गाठी पातळ भिंतीच्या, पाण्याच्या आहेत की आत घट्ट भाग आहे, हे सोनोग्राफी करणाऱ्यांना स्पष्ट विचारा. माझ्या मते, हे विचारून झाल्याशिवाय पोट उघडायला होकार देऊ नये.

मला थायरॉईडच्या गोळ्या, सलाईनमधून अल्ब्युमिन आणि गुठळ्या होऊ नयेत म्हणून हेपॅरिनची इंजेक्शनं दिली. रोज सकाळी वजन, पोटाचा घेर, लघवीचं माप. लघवी मोजायचा भयंकर कंटाळा यायचा, पण डॉक्टर आल्या की पहिला प्रश्न तोच! अंडाशय हळूहळू, काही आठवड्यांनी उतरले. कापाकापी झाली नाही.

मात्र एका बाजूला अचानक जीवघेणी कळ येऊन उलट्या झाल्या तर अंडाशयाला पीळ पडलेला असू शकतो. तिथे ऑपरेशन लांबवायचं नसतं. धाप लागली, लघवी कमी झाली किंवा एकच पाय सुजला, तरी थांबू नका, १०८ लावा. दुखतंय म्हणून ब्रुफेन मुळीच नको. पॅरासिटामॉलही डॉक्टरांना विचारूनच.